फोटोचा मुहूर्त

लग्नास पंचांग लागते, हे आम्ही समजू लागल्यापासून पाहत आलो आहोत. परंतु लग्नापूर्वी काढावयाच्या फोटोसही निराळे पंचांग लागते, आणि ते सोलापूरच्या दात्यांकडे न मिळता गळ्यात कॅमेरा अडकविलेल्या एका पंचविशीतल्या तरुणाकडे मिळते, हे ज्ञान आम्हांस वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी झाले. आमच्या कन्येची सुपारी फुटली, साखरपुडा झाला, पेढे वाटून झाले आणि लग्न मार्गशीर्षात धरावे असे उभयपक्षी ठरले. आता तीनचार महिने स्वस्थ बसावे अशा विचारात आम्ही असता श्रावणातल्या एका संध्याकाळी कन्या जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, आम्हा दोघांचे फोटो काढायचे आहेत. नळदुर्गला, पाण्याजवळ."

साखरपुडा आणि लग्न ह्यांच्या मधल्या अवकाशात वधूवरांनी एखाद्या रम्य स्थळी जाऊन नाना पोशाखांत नाना तऱ्हांनी फोटो काढून घ्यावे, ही चाल आता गावोगाव रूढ झाली आहे. काही ज्ञातिसंस्थांनी तिच्याविरुद्ध ठरावही केले आहेत. आम्ही ठराव करणाऱ्यांपैकी नव्हे. तरी आमच्या कपाळावर आठी उमटली हे कबूल केले पाहिजे. मर्यादेचा मुद्दा आम्हांस काढता येत नव्हता. कारण तीस वर्षे वर्गात इंग्रजी प्रेमकाव्य शिकवून ज्याने पोट भरले, त्याने घरात मर्यादेवर प्रवचन द्यावे हे शोभले नसते. खर्चाचा मुद्दा काढावा, तर कन्या स्वतः मिळवती. तेव्हा आम्ही तिसरा आणि त्यांतल्या त्यांत तात्त्विक मुद्दा पुढे केला. आम्ही म्हणालो, "संसाराला अजून सुरुवात नाही, आणि त्याच्या आठवणी मात्र आधीच काढून ठेवायच्या? हा निव्वळ देखावा झाला."

ह्यावर कन्येने काही उत्तर दिले नाही. उत्तर आमच्या सौभाग्यवतींनी दिले. त्यांनी कपाटातून एक पुठ्ठ्याचा जुना अल्बम काढला आणि पहिलेच पान उघडून आमच्यापुढे धरले. लग्न झाल्यावर चौथ्या दिवशी सोलापुरातल्या एका स्टुडिओत काढलेला तो आम्हां उभयतांचा फोटो. मागे पडद्यावर रंगविलेले तळे, तळ्यात दोन राजहंस, आणि कोपऱ्यात एक असा धबधबा की ज्याचे पाणी गेली कित्येक वर्षे पडत असून खाली पोचलेले नाही. त्या तळ्याच्या काठी आम्ही उसन्या कोटात, जणू व्हाइस-चॅन्सेलरांसमोर उभे असल्यासारखे ताठ उभे आहोत. सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्ही चिंध्यांवरच्या तळ्यापुढे उभे राहिलात. पोर खऱ्या पाण्यापुढे उभी राहते म्हणते. देखावा कोणाचा अधिक?" आम्ही अल्बम मिटला. संसारात युक्तिवादाने हरण्याचे प्रसंग थोडे नसतात. पण पुराव्यानिशी हरण्याचे दुःख काही निराळेच.

त्या रात्री अल्बम पुन्हा एकटेच चाळताना एक गोष्ट मात्र आमच्या ध्यानात आली, आणि तिने आमचा विरोध निम्म्याने वितळला. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात फोटो म्हणजे आरंभी दरबारची वस्तू. राजा दीनदयाळांसारख्या नामांकित छायाचित्रकाराने सहाव्या निजामाचे, त्याच्या अमीरउमरावांचे, शिकारींचे आणि राजवाड्यांचे फोटो काढले. पुढे ती कला शहरांतल्या स्टुडिओंपर्यंत उतरली आणि तिथून मध्यम वर्गाच्या लग्नांत शिरली. परंतु शिरली ती कोणत्या दाराने? मुलीच्या स्थळासाठी. आमच्या थोरल्या बहिणीचा फोटो असाच निघाला होता. शेजारणीचे पातळ, उसना हार, हातात कागदी फूल, आणि तो फोटो लिफाफ्यात घालून या गावाहून त्या गावी पाठवावयाचा. कधी तो परत येई, कधी येत नसे; परत आला तर कोपऱ्यावर कोणाच्या तरी अंगठ्याचा डाग असे. तो फोटो बहिणीचा होता खरा, पण बहिणीसाठी नव्हता. तो परीक्षेस बसविलेल्या उमेदवाराचा होता. आमची कन्या आज जो फोटो काढू म्हणते आहे, तो कोणास दाखवून पसंती मिळविण्यासाठी नाही. पसंती होऊन गेली आहे, आणि तीही तिने स्वतः केली आहे. एवढा फरक जर पन्नास वर्षांत पडला असेल, तर त्यापुढे चार पोशाखांचा खर्च आम्हांस जड वाटू नये.

असो. फोटो काढावयाचे ठरले. स्थळाबद्दल वाद नव्हता. सोलापुराहून हैदराबादेस जाणाऱ्या महामार्गावर सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर नळदुर्ग लागते. किल्ला ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बोरी नदी ह्या किल्ल्याला वळसा घालून जाते. आणि नळदुर्ग व समोरचा रणमंडळ ह्या दोन दुर्गांच्या मध्ये तिच्या पात्रात आडवा दगडी बंधारा घातलेला आहे. किल्ल्यातील शिबंदीस पाणी तुटू नये आणि शत्रूस खंदक ओलांडता येऊ नये, अशी दोन्ही कामे एका भिंतीकडून करवून घेतली आहेत. पण आदिलशाही कारागीर तेवढ्यावर थांबले नाहीत. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या कारकिर्दीत, इ. स. १६१३ मध्ये, मीर इमादीन नावाच्या स्थपतीने ह्या बंधाऱ्याच्या पोटातच एक महाल बांधला. त्यास पाणीमहाल म्हणतात. पायऱ्या उतरून आत जावे, गवाक्षात बसावे, आणि डोक्यावरून वाहून समोर कोसळणारी नदी कोरड्या अंगाने पाहावी, अशी ही योजना आहे. हा सुलतान गाण्याचा वेडा होता, आणि पडत्या पाण्याचा नाद ऐकण्यासाठी भिंतीत खोली करविणे त्याच्या स्वभावास धरूनच आहे. बंधाऱ्यावरून पाणी दोन ठिकाणी खाली पडते. त्या दोन धबधब्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. साखरपुडा झालेल्या जोडप्यास ह्याहून अधिक काय पाहिजे? शिवाय सौभाग्यवतींनी आठवण दिली की खंडोबा आणि बाणाई ह्यांचे लग्न नळदुर्गासच लागले अशी लोककथा आहे. तेव्हा देवाने जे स्थळ पसंत केले त्यास जावयाने नावे ठेवण्याचे कारण नव्हते. आम्ही आमच्या परीने मेडोज टेलरचे नाव काढले. हा इंग्रज अधिकारी १८५३ नंतर काही वर्षे नळदुर्गास राहून जिल्ह्याचा कारभार पाहत होता, आणि १८७७ साली निघालेल्या त्याच्या आत्मचरित्रात तेथली हकीकत आहे. ती माहिती कोणी फारशी मनावर घेतली नाही.

अडचण होती ती पाण्याची. हे दोन धबधबे बारमाही नाहीत. किल्ल्याच्या वरच्या अंगास बोरीवर अलीकडच्या काळातले धरण आहे. ते पूर्ण भरून त्याचा सांडवा वाहू लागला, म्हणजेच खाली किल्ल्यातले नर आणि मादी जागे होतात. कित्येक पावसाळे असे जातात की धरण भरत नाही आणि बंधाऱ्याची भिंत उघडीनागडी उभी असते. आमचा मुलूख हा असा आहे. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात पाण्याकाठी फोटो काढण्याचा बेत करणे म्हणजे आकाशाशी करार करण्यासारखे आहे, आणि आकाशाने करारावर सही केल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. परंतु त्या वर्षी भाद्रपदात पाऊस चांगला झाला. एके सकाळी भावी जावयांचा फोन आला की सांडवा सुटला, धबधबे सुरू झाले.

मग छायाचित्रकार घरी आला. तो बसला, चहा घेतला, आणि आपले पंचांग उलगडू लागला. सूर्य उगवल्यानंतरचा पहिला तास आणि मावळण्यापूर्वीचा शेवटचा तास हे दोनच शुभ. मधली वेळ वर्ज्य, कारण डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांखाली सावली पडते आणि माणूस आजारी दिसतो. किल्ल्याचा दगड काळा. तो उजेड गिळून टाकतो. म्हणून वधूने गडद रंग नेसू नये, फिके किंवा पिवळे नेसावे. बंधाऱ्यावर शेवाळ असते. तेव्हा कडेला जाऊन हात पसरण्याचे धाडस त्याच्यासमोर कोणी करावयाचे नाही. किल्ला संरक्षित स्मारक असल्याने परवानगी आधी काढावयाची. आकाशातून चित्र घेणारे उडते यंत्र आणावयाचे तर त्यास २०२१ चे निराळे नियम आहेत, म्हणून त्याचा नाद सोडावा हे उत्तम. त्याचे हे भाषण ऐकताना आम्हांस त्याच्याबद्दल आदर वाटू लागला. ज्याला आम्ही देखाव्याचा दलाल समजत होतो, तो आपल्या धंद्यात आमच्या अनेक पदवीधरांहून अधिक पारंगत होता. शेवटी त्याने मोबाइलवर बोट फिरवून तारीख सांगितली. लग्नाच्या हंगामामुळे पुढचे दिवस भरलेले होते. सध्या पितृपक्ष असल्याने मात्र तो मोकळा होता. पाणीही ह्याच आठवड्यात जोरात होते. "तीस सप्टेंबर घ्या, सर. याच्यासारखा दिवस पुन्हा मिळायचा नाही."

पितृपक्ष हा शब्द ऐकताच सौभाग्यवतींनी मान हलविली. तुळजापूरची देवी भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत मंचकी निद्रेत असते. देवी निजली असता आणि पितर दारी आले असता मुलीला नटवून नदीकाठी उभी करावयाची हे त्यांस रुचेना. येथे आमच्यातला प्राध्यापक जागा झाला. फोटोला कसला पितृपक्ष, प्रकाशाला का सोयरसुतक असते, देवीच्या निद्रेचा कॅमेऱ्याच्या भिंगाशी संबंध काय, असे आम्ही बराच वेळ बोललो. आणि चांगले बोललो असे त्या वेळी आमचे मत होते. तारीख नक्की करून टाकली. उरली ती वरपक्षाची संमती.

विहीणबाई उमरग्याकडच्या. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून त्यांची हयात गेली. बोलणे थोडे. फोनवर त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि इतकेच म्हटले, "बाकी सगळं तुमच्या मनासारखं करा, सर. त्या तारखेला मात्र नको." आम्हांस वाटले, हाही पितृपक्षच. आम्ही आमचे व्याख्यान फोनवर पुन्हा सुरू केले. दोनतीन वाक्ये त्यांनी ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "पितृपक्षाचं नाही, सर. आमचं घर त्या तारखेला पडलं."

वाचकांपैकी जे ह्या भागातले आहेत त्यांस पुढचे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक थकून निजले होते, आणि पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद ह्या दोन जिल्ह्यांत भूकंप झाला. गावोगावची घरे जाड दगडांची, मातीत बांधलेली, वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या त्याच भिंतींनी आणि त्याच माळवदांनी निजलेली माणसे गाडली. किल्लारी, सास्तूर आणि त्यांच्या आसपासची बावन्न गावे पार उद्ध्वस्त झाली. माणसे हजारोंनी गेली. आम्ही तेव्हा नुकतेच नोकरीस लागलो होतो. त्या पहाटे आमचाही पलंग हलला होता. पुढच्या आठवड्यात विद्यार्थ्यांबरोबर आम्ही मदतीस गेलो होतो, आणि तेथे जे पाहिले त्यामुळे कित्येक रात्री आम्हांस झोप नव्हती. तरीही छायाचित्रकाराने ती तारीख उच्चारली तेव्हा आमच्या मनात काहीच हलले नाही. ती तारीख आम्ही विसरलो होतो असे नव्हे. कोणी परीक्षेत विचारली असती तर आम्ही तत्काळ सांगितली असती. पण आमच्याकडे ती इतिहासात जमा झाली होती, आणि विहीणबाईंच्या घरी ती दरवर्षी येत होती.

त्या आम्हांस भेटावयास आल्या तेव्हा सौभाग्यवतींशी बोलता बोलता त्यांनी आणखी थोडे सांगितले. त्या वेळी त्या शिकावयास सोलापुरास वसतिगृहात होत्या, म्हणून वाचल्या. आई, वडील आणि धाकटा भाऊ एकाच खोलीत होते. घरात भिंतीवर लावलेले तीनचार फोटो होते आणि एका ट्रंकेत आणखी काही. त्यांतले काही हाती आले नाही. पुढे वर्षभराने सोसायटीच्या कर्जाच्या कागदाला चिकटविलेला वडिलांचा एक लहानसा फोटो मिळाला. त्यावर अर्धा शिक्का उमटलेला आहे. आईचा एकही नाही. "भावाचं नाक कोणासारखं होतं ते मला आता नीट आठवत नाही, ताई," त्या म्हणाल्या, "माझ्या मुलाकडं बघून ठरवावं म्हणते, पण ते काही खरं नव्हे." आम्ही शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो. जे आम्ही देखावा म्हणून उडवून लावीत होतो ते ह्या बाईस किती हवे होते, हे ऐकल्यावर वर्तमानपत्र खाली ठेवून त्यांच्यासमोर जाण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

उठता उठता त्या कन्येस म्हणाल्या, "फोटो भरपूर काढ. हवे तितके पोशाख कर. कोणी काही म्हटलं तर माझं नाव सांग."

तारीख बदलली. बदलली म्हणजे पाणी सोडले. कारण पुढे लगेच नवरात्र, मग कोजागिरी, आणि त्या दिवसांत तुळजापूरचे रस्ते पायी चालणाऱ्या भाविकांनी भरलेले. छायाचित्रकाराकडे कोजागिरीनंतरची एक सकाळ कशीबशी निघाली, पण तोवर धबधबे राहणार नाहीत असे त्याने स्पष्ट सांगितले. ह्या बेताचा सगळा जीव त्या धबधब्यांत होता. कन्या क्षणभरच गप्प राहिली, आणि तीच म्हणाली, "चालेल." तिला आम्ही पुष्कळ गोष्टी शिकविल्या असे आम्हांस वाटत असते, ही आम्ही शिकविलेली नव्हती.

ठरल्या दिवशी आम्ही सर्व मंडळी अंधारातच निघून सूर्योदयास किल्ल्यावर पोचलो. छायाचित्रकाराचे भाकीत खरे होते. नर अगदी मुका झाला होता; मादीच्या जागी दगडावरून एक ओली रेघ उतरत होती. पण बंधाऱ्याच्या वरच्या अंगास पाणी काठोकाठ होते, आणि वारा नसल्याने ते हलत नव्हते. काळा तट, त्यावरचे कोवळे ऊन आणि पिवळी साडी नेसलेली आमची कन्या, सगळे त्या पाण्यात उलटे दिसत होते. छायाचित्रकार म्हणाला की धबधब्याच्या तुषारांत हे मिळाले नसते. ते त्याने आमची समजूत घालण्यासाठी म्हटले की खरेच, हे ठरविण्याइतके ज्ञान आम्हांस नाही. दीड तासात त्याने त्या दोघांस चालविले, बसविले, हसविले, एकमेकांकडे पाहावयास लावले आणि मग आमच्याकडे पाहू नका असे सांगितले. आम्ही नजर वळवून पाणीमहालाच्या पायऱ्या उतरून गेलो. वर नदी नसल्याने आत शांतता होती. चारशे वर्षांपूर्वी एक राजा पाण्याचा नाद ऐकण्यासाठी जेथे येत असेल, तेथे आमच्या कानी वरून येणारे मुलीचे हसणे पडत होते. आमची काही तक्रार नव्हती.

वर आलो तेव्हा शेवटचा फोटो उरला होता. तो थोरल्यांचा. विहीणबाई पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, हात सरळ सोडून, कर्जाच्या कागदावर लावावयाचा असावा तशा ताठ उभ्या राहिल्या. छायाचित्रकाराने थोडे हसावयास सांगितले. त्या हसल्या नाहीत. त्याने दुसऱ्यांदा सांगितले नाही, ह्याबद्दल आम्ही त्याचे आभारी आहोत. आम्ही स्वतः सोलापूरच्या स्टुडिओत उभे होतो तसेच उभे राहिलो. सवय जात नाही.

पंधरा दिवसांनी फोटो तयार झाले. छायाचित्रकाराने मोठ्या अभिमानाने सांगितले की आता कागदाची गरज नाही. सर्व फोटो 'क्लाउड'वर, म्हणजे ढगात, सुरक्षित ठेवले आहेत. जगाच्या पाठीवर कोठूनही पाहावे. विहीणबाईंनी त्याचे बोलणे पूर्ण ऐकले. "ढगाचा भरवसा आमच्याकडं कोणी धरत नाही, बाळा," त्या म्हणाल्या. "तू कागदावर दे. आणि एक नको, चार दे."

चार कशाला, असे आम्ही सहज विचारले. एक त्यांच्या घरी, एक उमरग्यास नणंदेकडे, एक पुण्यास मुलगा नि सून राहतील तेथे, आणि एक आमच्याकडे. "सगळं एका घरात ठेवू नये, सर," एवढेच त्या म्हणाल्या.

आमच्या वाटणीची प्रत आमच्या अभ्यासिकेत आहे. तिच्यात मागे काळा बंधारा आहे, पाणी आहे, दोन मुले आहेत आणि आम्ही चौघे थोरले आहोत. फोटो तसा मोठा कलापूर्ण नाही. व्याह्यांचे डोळे मिटलेले आहेत आणि आमची मान वाकडी आहे. पण तो जपून ठेवण्याचे काम आमच्याकडे आले आहे, आणि ते आम्ही पत्करले आहे.